सूर्यभानच्या बुटांचा अर्ज

डॉक्टरांनी सूर्यभानला चालायला सांगितलं होतं. बूट घालून चाला, असं ते म्हणाले नव्हते. हे मी आता कबूल करतो. त्या वेळी कुणी माझ्या तोंडावर असं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मी सहसा हरत नाही. समोरचा कंटाळून निघून जातो.

साल सत्त्याऐंशी. फेब्रुवारीत कचेरीत बसल्या बसल्या सूर्यभानच्या छातीत कळ आली. सूर्यभान वाव्हळे म्हणजे आमच्या आस्थापना शाखेचा कारकून. माझ्या टेबलाला टेबल लावून सतरा वर्षं बसलेला, आणि परभणीच्या आमच्या सरकारी कॉलनीत माझ्यापासून दोन दारं सोडून राहणारा. कळ आली तेव्हा तो ओरडला नाही की काही नाही. हातातल्या सेवापुस्तकातली नोंद पुरी केली, पेनाला टोपण लावलं आणि मला म्हणाला, "माणिकराव, मला जरा दवाखान्यात नेता का? तुमचं काम आटपलं की."

आठ दिवस तो दवाखान्यात होता. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, मीठ कमी, साखर बंद आणि रोज सकाळी तीन मैल चालणं. एक दिवस चुकवायचा नाही. सूर्यभान म्हणाला, "बरं हाय." हे त्याचं ठेवणीतलं वाक्य होतं. बदलीचा हुकूम आला तरी बरं हाय, बदली रद्द झाली तरी बरं हाय.

रिक्षातून घरी येताना तो म्हणाला, "उद्यापासून निघतो मंग. पिंगळीच्या रस्त्यानं."

मी त्याच्या पायांकडे बघितलं. टायरच्या तळाच्या चपला.

"ह्या चपलांवर?"

"का? चार वर्षं झाली. काय झालं न्हाई यांना."

"यांना न्हाई झालं, सूर्यभानराव. तुमाला झालंय."

त्या आठवड्यात मी एका रविवारच्या पुरवणीत चालण्याच्या व्यायामावर लेख वाचला होता, हे सगळ्याचं मूळ. लेखासोबत एका गोऱ्या म्हाताऱ्याचं चित्र होतं. त्याच्या पायात फुगीर तळाचे पांढरे बूट होते आणि तो हसत होता. हृदयरोगी माणूस इतका हसतो तो काही उगाच नव्हे, असं माझं मत झालं. लेखात स्पष्ट लिहिलं होतं की अयोग्य पादत्राणांनी चालल्यास टाच, घोटा, गुडघा, कंबर आणि मणका या क्रमानं माणूस निकामी होतो. सूर्यभानचं हृदय आधीच गेलेलं. त्याचा मणकाही जावा हे मला मित्र म्हणून बघवलं नसतं.

"बूट आणल्याबिगर पाऊल टाकायचं न्हाई," मी बजावलं.

"बरं हाय," सूर्यभान म्हणाला.

कॉलनीत बातमी पसरायला वेळ लागत नाही, सल्ला पसरायला तर त्याहून लागत नाही. समोरच्या नर्मदाबाई, रिटायर्ड मुख्याध्यापिका, म्हणाल्या की दवावर अनवाणी चालावं. परभणीत मार्च महिन्यात दव कुठं पडतं ते त्यांनी सांगितलं नाही. शाळेतले व्यायामशिक्षक पंडित सर मात्र जाणकार निघाले. ते म्हणाले, "बुटात दोनच गोष्टी बघायच्या. आराम आणि टिकाव. पंजा वाकवून बघा, टाच दाबून बघा, मधून पिळून बघा." मी कागदावर लिहून घेतलं. या चौकशीत बारा दिवस गेले. सूर्यभान रोज सकाळी दारात उभा राहून रस्त्याकडे बघायचा.

बाजारात तसले बूट एकट्या मुंजाजीच्या दुकानात होते. मुंजाजी जाडजूड, शांत माणूस. गावाबाहेर पिंगळीच्या रस्त्यावर त्याचं शेत, आणि रोज सकाळी सायकलवर शेतात चक्कर मारून मगच तो दुकान उघडायचा. त्यानं पांढऱ्या बुटांचा जोड काढून पुढे ठेवला. बाजूला दोन निळे पट्टे. मी पंजा वाकवला, टाच दाबली आणि मधोमध धरून बूट पिळला.

"साहेब," मुंजाजी म्हणाला, "बूट हाय तो. धुणं न्हाई."

"टिकाव बघायलोय."

"आराम पाहिजे का टिकाव? दोन्ही एका जोडात भेटत न्हाई. मऊ हाय तो टिकत न्हाई, टिकतो तो चावतो."

या वाक्यात मोठं तथ्य आहे. पुढे मी ते आमच्या साहेब लोकांना लावून बघितलं, तर तंतोतंत लागू पडलं. मऊ साहेब सहा महिन्यांत बदलून जातो आणि चावणारा पाच वर्षं टिकतो. पण त्या दिवशी मी व्यापाऱ्याचं तत्त्वज्ञान ऐकायला गेलो नव्हतो.

सूर्यभान बाकावर बसला होता. एका पायात बूट, एका पायात चप्पल.

"कसं वाटायलंय?"

"बरं हाय."

"चावतंय का?"

"थोडं."

"कुठं?"

त्यानं विचार केला. "सगळीकडं."

आठ नंबर घट्ट होत होता, नऊ नंबर ढिला. वापरून बूट सैल होतो, आवळत कधीच नाही, असा सिद्धांत मांडून मी आठ नंबर पक्का केला. शिवाय पावतीवर मुंजाजीकडून लिहून घेतलं: एक वर्षात तळ निघाल्यास जोड बदलून मिळेल. मुंजाजी काचकूच न करता सही देऊन मोकळा झाला. मी पावती चारपदरी घडी करून खिशात घातली तेव्हा मला जे समाधान झालं, ते मला माझ्या कायम झाल्याच्या हुकुमानंही दिलं नव्हतं.

पहिले तीन दिवस मी सोबत चाललो. चौथ्या दिवसापासून माझी झोप पुरी होईना, म्हणून सूर्यभान एकटा जाऊ लागला. आठवड्याभरात तो असा चालू लागला की जणू रस्त्यावर निखारे पसरलेत. दोन्ही टाचांना फोड, करंगळ्या लाल. सरजावहिनी, म्हणजे त्याची बायको, खोबरेल तेल लावायच्या आणि माझ्याकडे बघायच्या नाहीत.

"सूर्यभानराव, लय त्रास होतोय का?"

"न्हाई. वापस येताना थोडा."

तेव्हा नर्मदाबाईंनी ज्वारी सांगितली. बुटात ज्वारी भरायची, वर पाणी घालायचं. ज्वारी भिजली की फुगते आणि फुगली की चामडं सैल होतं. त्यांच्या वडिलांचे बूट निजामाच्या काळात असेच सैल केले होते म्हणे. आमचे बूट चामड्याचे नव्हते, हा मुद्दा त्या वेळी कुणीच उपस्थित केला नाही. मी स्वतःच्या घरची ज्वारी घेतली, दोन्ही बूट काठोकाठ भरले, पाणी ओतलं आणि न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवून दिले. एक रात्र ठेवायचे होते. पण दुसऱ्या दिवशी कचेरीनं मला बोरीला दप्तर तपासायला पाठवलं आणि तिथं दोन मुक्काम पडले.

परत आलो तर ज्वारीला मोड आले होते. नाडीच्या भोकांतून पांढरे-हिरवे कोंब बाहेर डोकावत होते आणि न्हाणीत वास म्हणजे जनावरांच्या आंबोणाचा.

"आणखी राहू द्या की," बायको म्हणाली, "हुरडा होईल."

मी कोंब उपटले, बूट घासून धुतले आणि पत्र्यावर वाळत टाकले. एप्रिलचं ऊन, तेही परभणीचं. दोन दिवसांत बूट पापडासारखे कडक झाले. पण सैल झाले होते, हे मान्य करावं लागेल. सूर्यभाननं पाय घातला आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "आता बरं हाय," तो म्हणाला. या वेळी ते खरं होतं.

ते खरं पाच दिवस टिकलं. सहाव्या दिवशी मी मुद्दाम पाहणीसाठी सोबत गेलो होतो. पिंगळीच्या रस्त्यावर रेल्वे फाटकाच्या थोडं अलीकडे उजव्या बुटाचा तळ पंजाकडून सुटला आणि प्रत्येक पावलाला टाळी वाजवू लागला. रस्त्यानं कॉलेजची पोरं पळत चालली होती. ती थांबून हसली. सूर्यभान खाली बसला, दोन्ही बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले आणि अनवाणी पुढे चालू लागला.

"अहो, वापस फिरू या."

"तीन मैल झाले न्हाईत अजून."

मी त्याच्या मागून चाललो. गळ्यात बूट अडकवलेल्या माणसाच्या मागून चालणं फार अवघड असतं. येणारा-जाणारा आधी त्याच्याकडे बघतो आणि मग आपल्याकडे, जणू आपणच त्याला कुठे घेऊन चाललोय.

"बसस्टँडपुढं सिताराम बसतो," सूर्यभान म्हणाला. "दोन टाके मारून देतो. झालं."

"मुळीच न्हाई. लेखी हमी हाय आपल्याकडं."

मुंजाजीनं बूट हातात घेतला, नाकाशी नेला, माझ्याकडे बघितलं. "पाण्यात व्हते का हे, माणिकराव?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यातला एक आमच्याच खात्यातला. मी म्हणालो, "पाण्यात? म्हणजे मी खोटं बोलायलोय?"

"तसं न्हाई. मी फुकट शिवून देतो ना. पक्का दोरा."

"शिवून न्हाई. बदलून. पावती बघा."

"पाण्यात गेलेला माल—"

"पाण्याचा थेंब लागला न्हाई!" मी म्हणालो. आवाज रस्त्यापर्यंत गेला. सूर्यभान दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग खाली आपल्या पायांकडे बघितलं. एकदा चारचौघांत बोललेला शब्द फिरवणं हे माझ्या घराण्यात झालेलं नाही. अर्थात माझ्या घराण्यात बुटांवरून भांडणही आधी झालेलं नव्हतं.

त्या वर्षी गावात काही सज्जन लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून एक समिती काढली होती. नाव 'व्यापारी-ग्राहक सलोखा समिती'. अध्यक्ष तात्याराव, निवृत्त नायब तहसीलदार. महिन्यातून एकदा, शनिवारी, एका वाचनालयाच्या माडीवर बैठक. तात्यारावांनी निवृत्त होताना खुर्ची सोडली होती, पण खुर्चीनं त्यांना सोडलं नव्हतं. माझा अर्ज त्यांनी तीनदा परत केला. पहिल्यांदा, अर्ज तीन प्रतींत नाही म्हणून. दुसऱ्यांदा, बूट वापरणारा एक आणि अर्ज करणारा दुसरा, तर अधिकारपत्र कुठे आहे म्हणून. मी ते सूर्यभानकडून सही करून आणलं. तिसऱ्यांदा, नुकसान काय झालं ते लिहिलेलं नाही म्हणून.

मी लिहिलं: 'सदर बूट निकामी झाल्यामुळे वापरकर्त्याचे वैद्यकीय सल्ल्यानुसार चालणे पूर्णतः बंद पडले असून त्यांच्या जीवितास धोका निर्माण झाला आहे.' वाक्य चांगलं उतरलं होतं. मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

तात्यारावांनी चष्मा वर केला. "पूर्णतः बंद?"

"पूर्णतः."

"चालताना कुणाला दिसले तर अर्ज फेटाळीन. समितीसमोर असत्य कथन चालत न्हाई."

बूट लाखेचं सील लावून पुरावा म्हणून वाचनालयाच्या कपाटात गेले. मी सूर्यभानकडे येऊन परिस्थिती समजावून सांगितली. मुंजाजी रोज सकाळी त्याच रस्त्यानं सायकलवर जातो. त्यानं चालताना बघितलं तर तो समितीत सांगणार. सांगितलं की अर्ज पडला.

सूर्यभाननं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी चपलीवरबी चालू नगं?"

"एका तारखेचा तर प्रश्न हाय."

आतून सरजावहिनींच्या हातातलं भांडं जरा जोरात खाली ठेवल्याचा आवाज आला. सूर्यभान म्हणाला, "बरं हाय."

पहिली तारीख मेमध्ये. समितीचे दोन सभासद बोरीला लग्नाला गेले होते. बैठक तहकूब. दुसरी तारीख जूनमध्ये, त्या दिवशी गावात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. शटरं खाली, रस्त्यावर पोलीस. वाचनालयाला कुलूप. तेव्हा असे बंद वरचेवर व्हायचे, कधी एका बाजूचे, कधी दुसऱ्या. अठ्ठ्याहत्तर सालच्या नामांतराच्या दंगलीत सूर्यभानच्या गावात, झरीच्या पलीकडे, त्यांच्या घरांचं काय झालं ते त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. त्या सालात तो पंधरा दिवसांची रजा काढून गेला होता आणि आई-वडिलांना घेऊन परत आला होता, एवढंच मला माहीत. रजेच्या अर्जावर कारण 'घरगुती' असं होतं. तो अर्ज मीच पुढे पाठवला होता.

तिसऱ्या तारखेला, जुलैत, मुंजाजीनं मुदत मागितली. आग्र्याच्या कारखान्याचं पत्र यायचंय म्हणे. मी कडाडून विरोध केला. तात्यारावांनी मुदत दिली. मुंजाजी खाली मान घालून जिना उतरून गेला आणि मला वाटलं, घाबरला.

त्या तीन महिन्यांत मी रोज संध्याकाळी सूर्यभानकडे जाऊन बसायचो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली लोखंडी खाट, खाटेवर सूर्यभान. मी पुढच्या तारखेला काय बोलणार ते म्हणून दाखवायचो. आराम आणि टिकाव यांवर मी दोन पानं लिहिली होती. सरजावहिनी बिनसाखरेचा चहा आणायच्या. सूर्यभान ऐकायचा, मधेच एखादा शब्द दुरुस्त करायचा. "'जीवितास' काढा, माणिकराव," एकदा तो म्हणाला. "लय जड वाटतंय." मी म्हणालो, त्याच शब्दावर तर अर्ज उभा आहे.

तो जरा वाळला होता. गुडघ्यांच्या खाली निळसर डाग दिसायचे. मी विचारलं तर म्हणाला, खाटेला लागलं.

ऑगस्टच्या अकरा तारखेला सकाळी साडेसातला सूर्यभान गेला. अंघोळ करून आला, खाटेवर बसला, सदरा अंगात घालता घालता एक हात बाहीत तसाच राहिला. माझी बायको आधी धावली. मी गेलो तेव्हा सरजावहिनी तो हात बाहीतून काढत होत्या.

डॉक्टर आले. नाडी बघून उठले आणि विचारलं, "चालणं चालू होतं ना?"

खोलीत पंधरा-वीस माणसं होती. मी भिंतीला टेकून उभा होतो.

"व्हतं," सरजावहिनी म्हणाल्या. "एक दिवस चुकला न्हाई."

मला वाटलं, बाईनं माझी लाज राखली. नवरा समोर पडलेला असताना शेजाऱ्याची लाज राखणारी बाई मी दुसरी बघितली नाही. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. तिरडी बांधायला सगळे पुढे झाले तेव्हा सुतळी धरण्यापुरता मी उठलो. झरीकडून माणसं आली. त्रिशरण पंचशील म्हटलं. मुंजाजी आला होता. हात जोडून लांब उभा राहिला. कचेरीत सूर्यभानचं टेबल पंधरा दिवस तसंच होतं. मग एकदा कुणीतरी त्यावर टपाल ठेवलं.

सप्टेंबरात समितीची नोटीस आली. 'अर्जदार व वापरकर्ता यांनी मूळ पावतीसह समक्ष उपस्थित राहावे. गैरहजर राहिल्यास एकतर्फी निर्णय होईल.' बायको म्हणाली, जाऊ नका. मी पावती घेऊन गेलो.

माडीवर पाच सभासद, मुंजाजी आणि मी. टेबलावर सीलबंद पुडकं. तात्यारावांना सगळं माहीत होतं, पण कागदावर यायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "वापरकर्ता?"

"मयत," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "माणिकराव, तुमची बाजू बळकट झाली, असं म्हणायला नको, पण झाली. जीवितास धोका असं तुमी आधीच लिहिलेलं हाय. मुंजाजी, तुमाला काय म्हणायचंय?"

"काय न्हाई," मुंजाजी म्हणाला. "नवा जोड देतो."

"मग पुरावा बघून टाकू," म्हणत तात्याराव सील फोडायला लागले.

"उघडू नका," मी म्हणालो. "त्यात ज्वारी हाय."

कुणालाच कळेना. मी उभा राहिलो. दोन पानांचं भाषण माझ्या खिशात होतं, ते खिशातच राहू दिलं. बूट चावत होते म्हणून मी ज्वारी भरली, पाणी घातलं, तीन दिवस न्हाणीत ठेवले, पत्र्यावर वाळवले, तळ त्यानं निघाला, मुंजाजीचा काही दोष नाही. भर दुकानात मी खोटं बोललो आणि तेच तीन प्रतींत लिहून दिलं. एका माणसाला पायात चपला असताना मी तीन महिने घरात बसवून ठेवला. एवढं बोलून मी खाली बसलो. एक सभासद हसू दाबत होता. त्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

"तुमाला ठाऊक व्हतं?" तात्यारावांनी मुंजाजीला विचारलं.

मुंजाजीनं बराच वेळ टोपी सारखी केली. "वाव्हळेसाहेब मे महिन्यातच दुकानात आले व्हते. ज्वारीचं समदं सांगितलं. म्हणले, तुमचा दोष न्हाई, पण माणिकराव चारचौघांत बोलून बसलाय, तोंडघशी पडंल. तुमी तारखा घेत ऱ्हावा. त्याचा जोर आपोआप उतरंल. मी म्हणलं, साहेब, नवा जोड घेऊन जा की. तर म्हणले, नगं. त्याला कळंल."

"मग ते आग्र्याचं पत्र?" तात्याराव म्हणाले.

"आग्र्याला कोण हाय माझं?" मुंजाजी म्हणाला. "चालताना दिसले तरी मी कुठं सांगणार व्हतो? तसं बोललोबी त्यांना. पण आणखी कुणी बघंल, म्हणले."

सतरा वर्षं मी सूर्यभानच्या वतीनं बोलत आलो होतो. साहेबांपुढे, वाण्यापुढे, डॉक्टरांपुढे. बिचारा बोलत नाही, आपणच बोललं पाहिजे, असं मला वाटायचं. माझा मोठेपणा होता तो. आता त्या माडीवर माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या आणि नक्की कुणाच्या वतीनं कोण बोलत होतं, याचा हिशेब लागत नव्हता. तात्यारावांनी 'अर्ज मागे घेतला' असं लिहिलं. मी तीन प्रतींवर सही केली. जिन्यात मुंजाजीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला नाही, एवढंच करू शकलो.

तिथून मी थेट सरजावहिनींकडे गेलो. क्वार्टर महिनाअखेर सोडायचं होतं. त्यांचं सामान बांधून झालं होतं, पण पुढच्या खोलीतली खाट अजून तशीच होती. मी उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं. ज्वारी, खोटं, मुंजाजी, समिती. त्या खाली बसून गाठोडं बांधत होत्या. त्यांनी गाठ पक्की होईपर्यंत वर बघितलं नाही.

"मला ठाव हाय, भावजी."

"त्या दिवशी तुमी डॉक्टरांना चालणं चालू व्हतं म्हणलाव. माझी लाज राखलीत. मी—"

"तुमची लाज?" त्यांनी वर बघितलं. "मी काऊन खोटं बोलू? चालायचेच ते."

"कुठं?"

"इथंच." त्यांनी खाटेकडे हात केला. "सकाळी पाचला दार लावून. खाटंभवती. चौदा पावलांचा एक फेरा. सहाशे फेऱ्यांचे तीन मैल होतात असा हिशोब काढला व्हता त्यांनी. सहाशे काय झाले न्हाईत कधी. अडीचशे झाले की गरगरायचं, मग उलट्या बाजूनं फिरायचे. मी भाकरी करता करता मोजायची."

"मला एका शब्दानं सांगितलं न्हाई."

"मी म्हणलं व्हतं, सांगा त्यांना. तर म्हणले, बाहेर दिसलो तर माणिकरावाचा अर्ज पडंल. लय मनावर घेतलंय त्यानं." त्यांनी गाठोडं बाजूला सरकवलं. "मला लय राग यायचा तुमचा. तुमी रोज संध्याकाळी यायचात अन् बुटावर बोलत बसायचात. पर तुमी आला न्हाईत तर हे दाराकडं बघत बसायचे. मंग काय बोलावं?"

मी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि आत गेलो. खाटेच्या आणि भिंतीच्या मधे एका माणसापुरती जागा होती. मी उशाकडून निघालो. एक, दोन, तीन. खिडकीपाशी अंग चोरावं लागत होतं. पायथ्याशी लोखंडी पेटी ठेवलेली होती, तिच्या आणि खाटेच्या मधून वळताना पेटीचा कोपरा माझ्या नडगीवर असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी खाटेची दांडी धरून एका पायावर उभा राहिलो.

"तिथं जरा जपून वळा," सरजावहिनी दारातून म्हणाल्या. "ह्यांनाबी रोज तिथंच लागायचं."